शनिवारच्या कोड्यातला माणूस

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. आई शेवटच्या आजारात होती तेव्हा एकदा तोंडापर्यंत आलं होतं — तिनं विचारलंही, "काय सलतंय व्हय रं तुला?" — आणि मी म्हणालो, काही नाही, ॲसिडिटी. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असता तर तुमच्याशीही गोड बोललो असतो. माझं गोड बोलणं आमच्या पिंपळे गुरवात सगळ्यांना माहीत आहे. त्याच्यावर जाऊ नका.

परवा आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीनं ग्रुपवर टाकलं — वर्धापनदिनाला शब्दकोड्याची स्पर्धा ठेवू या, कोडं आपले काका तयार करतील. खाली लगेच अंगठे, टाळ्या, फुलं. एकजण म्हणे, काका म्हणजे कोड्यांचे बाप! बायकोनं कधीतरी बायकांमध्ये सांगितलं असणार, आमचे हे बसमध्ये कोडी बनवायचे म्हणून. मी फोन पालथा ठेवला आणि मनातल्या मनात त्या सेक्रेटरीला अशा शिव्या दिल्या की इथे लिहिता येत नाहीत.

त्याचा काय दोष? काही नाही. पण मला राग येतो. शब्दकोडं हा शब्द नुसता ऐकला तरी येतो. कट्ट्यावर पेपरची चौपदरी घडी करून बसणारे रिटायर्ड लोक, "याने मेंदू तल्लख राहतो" असले रोज सकाळचे मेसेज, टीव्हीवर तेच सांगणारे डॉक्टर, लग्नातसुद्धा नवरा-नवरीच्या नावाचं कोडं छापणारे हौशी काका — सगळ्यांचा येतो. का, तर म्हणे निरुपद्रवी छंद आहे! निरुपद्रवी? अहो, मी एका माणसाला त्या चौकोनांमध्ये घालून संपवलंय. आणि तेही त्याच्याच पेनानं.

थांबा — असं एकदम नाही सांगता येत मला. सुरुवातीपासून सांगतो.

चाकणला एका कंपनीत होतो मी, गाड्यांचे पार्ट बनवायची. कंपनीची बस आम्हाला पिंपळे गुरवातून उचलायची, मग नाशिक फाटा, भोसरी, मोशी करत चाकण. तो रस्ता तुम्हाला माहीत असेल तर सांगायला नको, नसेल तर सांगून कळणार नाही. मोशीच्या पुढे गाडी एकदा अडकली की माणूस झोपून उठतो तरी तिथेच. त्या वेळात काय करायचं? बाकीच्या बसमध्ये पत्ते चालायचे, नाहीतर ज्याचा त्याचा मोबाईल. आमच्या बसमध्ये कोडं चालायचं. पेपरातलं, रोजचं. आणि ते चालायचं अविनाश कांबळेमुळे.

अविनाश माझ्याहून थोडा मोठा. पिंपरीच्या कामगार वसाहतीत वाढलेला, वडीलही कारखान्यातच. तो स्टॉपवरून पेपर घ्यायचा, मधल्या सीटवर बसायचा आणि खड्या आवाजात वाचायचा — "आडवा शब्द, तीन अक्षरी, देवळापुढचा दिव्यांचा खांब नव्हे, पण उंच." मागून कुणीतरी ओरडायचं मनोरा, कुणी ओरडायचं तुझं डोकं. अविनाश पेनाच्या टोकानं चौकोन मोजायचा आणि विचारायचा, "बसतंय का?" सगळी बस एका सुरात म्हणायची, "बसतंय!" मगच लिहायचा. अक्षर असं सुंदर, की कोडं भरल्यावर छापल्यासारखं दिसायचं. ड्रायव्हरच्या मागे जी काच असते, तिच्यावर तो ते चिकटवायचा. दुसऱ्या दिवशी त्याच्यावर नवीन.

मला तो आवडायचा का? आवडायचा. आणि त्याचा रागही यायचा. मला उत्तर यायचं ते ओरडून टाकावं असं वाटायचं. त्याला आधीच आलेलं असायचं, पण तो थांबायचा. मी ओरडलो की म्हणायचा, "वा भावा!" — जसं काही मलाच पहिल्यांदा सुचलं. हे मोठेपण करणारे लोक असतात ना, ते सहन होत नाहीत मला. तेव्हाही नाही व्हायचे.

मग पेपरवाल्यांनी शनिवारचं कोडं बंद केलं. त्या जागी फ्लॅटच्या जाहिरातींची पुरवणी यायला लागली — मोशीला टू बीएचके, रावेतला स्विमिंग पूल. शनिवारी बस मुकी. तेव्हा मी म्हणालो, मी बनवतो. अविनाशनं माझा हात धरून हलवला. पहिली दोन कोडी त्यानंच शिकवली — काळे चौकोन कुठे टाकायचे, एका शब्दाचं अक्षर दुसऱ्याच्या पोटात कसं घालायचं. पुढची मी एकट्यानं केली. आणि तुम्हाला सांगतो, भारी व्हायची. पेपरातली कोडी म्हणजे देवांची नावं आणि नद्या. माझ्या कोड्यात कॅन्टीनची आमटी असायची, सुपरवायझरची टोपणनावं असायची, बसचा तुटका दरवाजा असायचा. लोक शनिवारची वाट बघायला लागले.

त्यातून एक पद्धत पडली. शनिवारच्या कोड्यात एक आडवा शब्द म्हणजे बसमधलाच एक माणूस. त्याचा प्रश्न सगळ्यात शेवटी वाचायचा. उभे शब्द भरता भरता त्या माणसाच्या नावाची अक्षरं दिसायला लागायची, मग आरडाओरडा, मग प्रश्न — "जो घोरतो तेव्हा बस चालू आहे की बंद ते कळत नाही." असं काहीतरी. शेवटचं अक्षर मी मोकळं सोडायचो, त्याला उभा शब्द नाही. ते ज्याचं नाव त्यानं स्वतःच्या हातानं भरायचं. आणि संध्याकाळी परत निघताना गेटबाहेरच्या गाडीवरून सगळ्यांना वडापाव त्याच्याकडून. आपलं नाव कधी येणार म्हणून लोक मला मस्का लावायचे, खरंच सांगतो. काही महिने मी त्या बसचा राजा होतो.

आता पुढचं.

आमच्या लाइनवर ट्रेनी पोरं होती. ट्रेनी म्हणजे काम पर्मनंटचं आणि कागदावर शिकाऊ. मुदत संपली की ब्रेक द्यायचा, परत नवीन घ्यायची. त्यातली दोघं — एक परभणीचा, एक सांगलीकडचा — बाकीच्या पोरांना गोळा करायला लागली. सगळ्यांनी मिळून पर्मनंट करा म्हणून जायचं, असं. एका सुट्टीच्या दिवशी मोशीत बैठक झाली. मी गेलो होतो. अविनाशही होता. मी तिथे भाषण केलं, माहितीये? भूमिपुत्र आहे मी, माझ्या बापाच्या जमिनी गेल्यात, तुमच्या पाठीशी उभा राहीन, वगैरे. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

त्याच आठवड्यात एचआरच्या साहेबानं बोलावलं. लाइन लीडरची जागा रिकामी होती आणि मला ती हवी होती — इतकी हवी होती की मी तिथे बसून स्वतःला लाइन लीडर म्हणून बघत होतो. साहेबानं चहा मागवला. इकडचं तिकडचं बोलला. मग विचारलं, पोरांमध्ये कोण आहे जरा पुढे? त्यानं दरडावलं नाही. धमकी दिली नाही. मला कुणीही भिंतीला उभं केलं नव्हतं. चहाचा कप हातात होता, अजून तोंडाला लावला नव्हता, आणि मी दोन्ही नावं सांगून मोकळा झालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दोघांचा पंच गेटवर लागेना. कार्ड लावतात, लाल दिवा. परत लावतात, लाल दिवा. मागे रांग तुंबली. सिक्युरिटीवाल्यानं त्यांना बाजूला घेतलं, आणि आम्ही त्यांच्या शेजारून आत गेलो. परभणीचा मला म्हणाला, "भाऊ, बघा की हो जरा, कार्ड खराब झालंय बहुतेक." मी म्हणालो, बघतो.

बघायला मी गेलो — पण एचआरमध्ये, माझ्या जागेचं बघायला. साहेबानं परत बसवलं, परत चहा. आम्ही हसत होतो कशावर तरी. आणि दार उघडलं. अविनाश. पोरांसाठी बोलायला आला होता तो. त्यानं साहेबाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, माझ्या हातातल्या कपाकडे बघितलं. "सॉरी सर, थांबतो बाहेर," म्हणाला आणि दार ओढून घेतलं. मी बाहेर पडलो तेव्हा तो भिंतीला टेकून उभा होता. मी त्याच्या शेजारून लाइनकडे निघून गेलो.

त्याला कळलं होतं. मला कळलं होतं की त्याला कळलंय. आणि सगळा आठवडा तो गप्प! रोज पेपर वाचतोय, रोज "बसतंय का" विचारतोय, आणि मधूनच माझ्याकडे बघतोय. रागानं नाही — रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. वाट बघत होता तो. मी माझ्या तोंडानं कबूल करीन म्हणून. मला संधी देत होता, हरामखोर — हो, मी तेव्हा मनात हाच शब्द वापरला. स्वतःला वाचवायला समोरच्याचा राग करावा लागतो. मी तो केला, मन लावून केला.

इकडे बसमध्ये कुजबूज सुरू झाली होती. आपल्यातलाच कुणीतरी फुटलाय. मग गुरुवारी वेल्डिंगचे सोपानभाऊ मागच्या सीटवरून मोठ्यानं म्हणाले, "पोरं भाईर काढली त्या दिवशी केबिनपाशी कोण हुबं व्हतं, ते मी बघितलंय. नाव न्हाई घ्यायचो. पन बघितलंय." त्यांनी बघितलं होतं अविनाशला, भिंतीला टेकलेला. मला कुणीच बघितलं नव्हतं. पण उद्या कुणी अविनाशला तोंडावर विचारलं तर? तर तो एवढंच म्हणेल, मी बाहेर होतो, आत कोण होतं ते विचारा. संपला विषय. मी संपलो.

शुक्रवारी संध्याकाळी घरी आलो आणि शनिवारचं कोडं करायला घेतलं.

आजवरचं सगळ्यात सोपं कोडं होतं ते. मुद्दाम सोपं केलं. कुणी अडखळायला नको होतं. खोकल्यावरचा पाला — अडुळसा. पाणी शेंदायची जागा — विहीर. भाकरीचं एक धान्य, मळ्यातलं नव्हे, डोंगरातलं — नाचणी. हे तीन उभे शब्द, आणि त्यांची पहिली अक्षरं एका ओळीत. चौथा चौकोन मोकळा, नेहमीसारखा. बायको म्हणाली, आज लवकर झालं तुमचं. मी म्हणालो, हो, जमलं पटकन.

शनिवारी बस मोशीला अडकली. अविनाशच वाचत होता, अविनाशच भरत होता. अडुळसा बसला. विहीर बसली. नाचणी भरली तशी दोन-तीन पोरं नाचायलाच लागली — "अविनाशभाऊ! आज अविनाशभाऊ! वडापाव!" तोही हसला. इतके महिने त्याचं नाव मी घातलंच नव्हतं, शेवटाला ठेवलं होतं. हसतच त्यानं कागद जवळ घेतला आणि शेवटचा प्रश्न त्याच्या त्या खड्या आवाजात वाचायला लागला.

"ज्याच्या जिभेमुळे दोघं घरी बसले, तो."

वाचूनच टाकलं त्यानं. अर्थ कळायच्या आत शब्द बाहेर पडले होते. बाहेरचे हॉर्न तेवढे ऐकू येत होते. सोपानभाऊंनी नुसतं "हं" केलं — म्हणजे मी म्हणत नव्हतो का.

मी कुणावर आरोप केला नाही, लक्षात घ्या. मी नुसते चौकोन आखले. नाव त्यांनीच ओरडून ओरडून भरलं. आणि स्वतः सोडवलेलं उत्तर माणसाला खोटं वाटत नाही, हे मला त्या कोड्यांनीच शिकवलं होतं. मी उठून म्हणालो असतो की अविनाशनं चुगली केली, तर चार जणांनी पुरावा मागितला असता. इथे कोण मागणार? आणि अजून एक — हेही सांगतो, अर्धवट नको. त्याच्या आडनावाचा मला उपयोग होईल, हे मी धरून चाललो होतो. त्या बसमध्ये वडापाव सगळे एकत्र खायचे, पण काहींच्या मनात त्याच्याबद्दल एक जागा आधीपासून तयार होती, तिथे ही गोष्ट चटकन जाऊन बसणार होती. मी गावठाणातला, आमच्या आळीत लहानपणापासून काय बोललं जातं ते ऐकलेला. मला ती जागा बरोबर माहीत होती. ते शुक्रवारी चौकोन आखतानाच मी हिशेबात घेतलं होतं.

अविनाशनं पेनाचं टोक त्या रिकाम्या चौकोनावर ठेवलं. लिहिलं नाही. मान वळवून माझ्याकडे बघितलं. आणि विचारलं — हळू, फक्त मला —

"बसतंय का रे?"

अजूनही वेळ होती. तुम्हाला कळतंय ना? कोडं चुकलं म्हणालो असतो, गंमत केली म्हणालो असतो, काहीही. तो मला आणखी एकदा सोडत होता. पूर्ण बस माझ्या तोंडाकडे बघत होती.

मी म्हणालो, "बसतंय."

त्यानं श लिहिला. नीट, छापल्यासारखा. पेनाला टोपण लावलं, उठला आणि तो कागद ड्रायव्हरच्या मागच्या काचेवर चिकटवून आला. का चिकटवला? मला नाही माहीत. रोज चिकटवायचा म्हणून असेल. पुढचे कितीतरी दिवस तो तिथेच राहिला, कारण त्याच्यावर दुसरं कोडं कुणी लावलंच नाही.

संध्याकाळी तो गेटबाहेरून वडापावचं पार्सल घेऊन बसमध्ये चढला. पद्धत होती ना. एकेकासमोर धरत गेला. एकानंही हात पुढे केला नाही. कुणी खिडकीबाहेर, कुणी मोबाईलमध्ये. माझ्यापाशी आला. मी घेतला. सगळ्यांच्या देखत खाल्ला, मिरचीसकट. न खाल्लेला बरा दिसला नसता, असं काहीतरी डोक्यात होतं. सोमवारी लोक म्हणाले, तुझं काळीज मोठं आहे राव.

त्यानंतर त्याच्या शेजारची सीट रिकामी जायला लागली. कॅन्टीनमध्ये तो टेबलावर आला की ताटं उचलली जायची. तो दुचाकीवर यायला लागला, मग कायमची नाइट मागून घेतली, आणि वर्षभरात कंपनी सोडली. बघा, चुगली पचली नाही, असं सोपानभाऊ म्हणाले, आणि मी मान डोलावली. मी लाइन लीडर झालो होतो तोवर.

परभणीच्या पोराचा एकदा फोन आला. गावी होता, शेतात काम नव्हतं. म्हणाला, "भाऊ, एवढंच सांगा, आमचं नाव कोन घेतलं? कुनाला काही करत न्हाई मी. नुस्तं म्हाईत असू द्या." तिथे चौकोन नव्हते, कोडं नव्हतं, बस नव्हती. त्यालाही मी अविनाश कांबळे म्हणून सांगितलं. स्पष्ट, पूर्ण नाव. तो म्हणाला, अविनाशभाऊ? म्हणजे मी नुसते चौकोन आखले, हे जे मी वर म्हणालो, ते सोडून द्या.

आता ऋतुजाचं. माझी मुलगी. हिंजवडीत आहे, माणच्या बाजूला त्यांचं ऑफिस. कंपनीची कॅब येते न्यायला. एक दिवस जेवताना म्हणाली, "बाबा, आमचे नवीन ड्रायव्हर काका भारी आहेत. ट्रॅफिकमध्ये गाडी थांबली की पेपरातलं कोडं वाचतात मोठ्यानं. सगळ्यांना सोडवायला लावतात. मी फटाफट सांगते तर म्हणाले, कुठे शिकलीस? मी म्हटलं, माझे बाबा चाकणला बसमध्ये कोडी बनवायचे."

घास तोंडातच राहिला माझा. तिनं माझं नाव सांगितलं होतं. त्यानं तिला त्याचं सांगितलं होतं.

"अविनाश कांबळे. ओळखता ना तुम्ही? तुमच्याच कंपनीत होते म्हणाले."

बायकोनं माझ्याकडे बघितलं. तिला नाव ऐकल्यासारखं वाटत होतं. किती वर्षं झाली होती! माझी नोकरी संपली होती, लाइन लीडरची जागा गेली होती, सोपानभाऊ वारले होते. मला कुणीच काही करू शकत नव्हतं. घाबरायला काही उरलेलंच नव्हतं.

मी म्हणालो, "नाही गं. आठवत नाही."

दुसऱ्या दिवशी ती ऑफिसातून आल्यावर मी सहज विचारल्यासारखं विचारलं, सांगितलंस का त्यांना? ती बूट काढत होती. म्हणाली, "हो. सांगितलं, बाबांना आठवत नाही म्हणून."

"मग?"

"मग काही नाही. म्हणाले, असू दे, मोठी बस होती." आणि आत जाता जाता म्हणाली, "आणि म्हणाले, तुझे बाबा कोडी मात्र चांगली बनवायचे."

कॅब रोज सकाळी गेटवर येते. हॉर्न एकदाच वाजतो, आखूड. ऋतुजा डबा घेऊन पळते, बायको पुढच्या गॅलरीतून हात करते. मी त्या वेळी मागच्या गॅलरीत असतो. गाडी गेली की पुढे येतो.